घाटातले उलटे स्टेशन

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की मागे इंजिने लागतात, वडेवाल्यांची आरोळी उठते आणि पोरे खिडकीशी भांडत बोगदे मोजायला बसतात. हा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी केला आहे. पण खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत जुन्या मार्गाचे काही अवशेष उभे आहेत. त्यांच्यावरून गेली नव्वदहून अधिक वर्षे एकही गाडी गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम ते पाहायला गेलो. सोबत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन काका होते. घाटातला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा.

घाट चढवणे साहेबाला सोपे गेले नव्हते. सोळा मैलांच्या आत १,८३१ फूट चढायचे होते. काही ठिकाणी तर ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, इतका खडा चढ. डोंगराला वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून एक युक्ती काढली. गाडी चढत चढत एका अरुंद सोंडेवरच्या स्टेशनात यायची. पुढे कडा, रूळ संपलेले. तिथे पुढचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट तोंडाने वरच्या चढाला लागायची. जो डबा शेवटचा होता तो आता पहिला! १८६३ पासून १९२९ पर्यंत ही उलटापालट चालली. मग नवे बोगदे खोदून सरळ मार्ग काढला, विजेची इंजिने आली, १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली आणि उलटे स्टेशन ओस पडले.

आज तिथे काय आहे? घडीव काळ्या दगडाचे बांधकाम आहे, कमानी आहेत, झाडोऱ्यात दडलेले बोगद्याचे तोंड आहे. सांध्यांत पिंपळाची रोपे रुजली आहेत. खाली द्रुतगती मार्गावर गाड्यांचा अखंड घोंगाट. काकांनी एका दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "बघा, हा टाकीचा घाव. यंत्राचा नव्हे, माणसाच्या हाताचा."

ही माणसे कोण होती, याची चौकशी आम्ही केली. काम १८५६ साली सुरू झाले. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार माणसे एकाच वेळी या घाटात राबत होती. पुरुष घण आणि पहार चालवीत, बायका-मुले टोपल्यांनी माती-दगड वाहत. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसाला दोराने खाली सोडत. तो लोंबकळत भोक पाडी, सुरुंग भरी आणि वात पेटण्याआधी त्याला वर ओढून घेत. पंचवीस बोगदे असे फोडले. पण सुरुंगापेक्षा जास्त माणसे पटकी आणि तापाने गेली. पालाच्या झोपड्या, प्यायला धड पाणी नाही. या कामात सुमारे पंचवीस हजार माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अंदाजच, कारण मेलेल्या मजुराची नावनिशी लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

साहेबांची नावे मात्र कागदोपत्री शाबूत आहेत. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर मजुरी थकली, तेव्हा १८५९ साली खंडाळ्याजवळ मजूर उठले आणि साहेबाच्या माणसांवर चालून गेले. कुठली संघटना नाही, पुढारी नाही, तरी घामाचे दाम मागायला ते भ्याले नाहीत. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढच्या वर्षी मजूर-मालक तंट्यांचा कायदा झाला. त्यात मजुरीची तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे नेता येई खरी, पण काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगही दाखवता येई. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, ही रीत जुनीच. नंतरचा ठेकेदार ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरून काही दिवसांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने माणसे नेमून ते काम पुरे करवून घेतले. बाईची हिंमत मानलीच पाहिजे.

मजुरांच्या बाजूचे एकच नाव लोकांनी जपले आहे, शिंग्रोबा धनगराचे. घाटाची वाट साहेबाला त्याने दाखवली आणि त्याबद्दल त्याला गोळी मिळाली, असे सांगतात. त्याची दंतकथा खरी की खोटी हे कागदावर सिद्ध होत नाही. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी ट्रकवाले आजही नाणे टाकतात. आम्हांला नवसापेक्षा एवढे महत्त्वाचे वाटले की, एका मेंढपाळाचे नाव लोकांनी पुसू दिले नाही.

तिथून पुढे लोणावळ्यापलीकडे कार्ल्याची लेणी आहेत. आपल्या सहली तिथे जातातच. त्या महाचैत्याच्या दर्शनी भागात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे त्यात बापाच्या नावासह नोंदलेले आहे. सुताराचे नाव दगडात आहे, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचे वहीतही सापडत नाही.

अवशेष किती दिवस टिकतील सांगता येत नाही. त्याच भागातला १८३० सालचा अमृतांजन पूल, ज्याला औषधाच्या जाहिरातीमुळे ते नाव पडले, एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. टाळेबंदी होती, रस्ता मोकळा होता, काम उरकले. तेव्हा ज्यांना जायचे त्यांनी लवकर जावे. पावसाळ्यात नको, दरडी पडतात. चालू रुळांवरून तर मुळीच जाऊ नये, ते धोक्याचे आहे आणि गुन्हाही आहे.

आणि ज्यांच्या घरी आजा-पणजा रेल्वेच्या कामावर होता, मग तो गँगमन असो, खलाशी असो की बोगद्यावरचा चौकीदार, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्याचे नाव, गाव आणि कामाची जागा एका वहीत उतरवून ठेवावी. काकांनी आपल्या आजाचे नाव आम्हांला परतताना गाडीत सांगितले, आणि आमच्याकडून ते दोनदा लिहून घेतले.