संसर्गप्रतिबंधाचे जागतिक संकेत आणि आपला दवाखाना

आरोग्यसेवेतून होणारा संसर्ग हा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा प्रश्न, आणि त्यावरील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे जिनिव्हा व दिल्ली यांच्यातील पत्रव्यवहार, अशी समजूत आपल्या व्यवसायबंधूंत बरीच रूढ आहे. डिंभ्यासारख्या ठिकाणाचा विचार केला, तर ही समजूत टिकत नाही. धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगररांगांतील आदिवासी वाड्यावस्त्यांवरून रुग्ण खाली येतो, तो बहुधा प्रथम जवळच्या वैद्याकडे. मग घोडेगाव, मंचर आणि आजार बळावल्यास पुणे. उपचार आटोपून तो याच वाटेने घरी परततो. एखाद्या अतिदक्षता विभागात जडलेला, औषधांना न जुमानणारा जंतू त्याच्यासोबत आला, तर व्रणाची पट्टी बदलण्यासाठी पुढे होणारा हात पुन्हा आपलाच असतो. या साखळीची पहिली कडी आपण आहोत आणि शेवटचीही.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांतच, 1897 साली, केवळ प्लेगच्या विचारासाठी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आपापली बंदरे वाचवण्याची चिंता त्या राष्ट्रांना अधिक होती, हे खरे. परंतु त्याच काळात जर्मनी, ऑस्ट्रिया व रशिया येथील संशोधक पथके मुंबईत आली. मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद घटना त्यानंतरची आहे. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या 19 जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. ठपका हाफकिन यांच्यावर व मुंबईतील प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. पुढे तपशील उघड झाला : बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. अनेक देशांच्या ज्ञानातून सिद्ध झालेली लस एका चिमट्यापाशी हरली. सहकार्याचे अंतिम यश परिषदेत ठरत नसून ते रुग्णाजवळच्या हातात ठरते, हा त्याचा अर्थ होय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली रुग्णसुरक्षेचे पहिले जागतिक आवाहन केले, ते हातांच्या स्वच्छतेचेच होते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शारीरिक स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, असे हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग तिने सांगितले आहेत. 2022 च्या तिच्या अहवालानुसार तीव्र आजारांसाठी दाखल होणाऱ्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग जडतो. 2023 मध्ये जागतिक आरोग्य सभेने याविषयीचे धोरण स्वीकारले. भारत सरकारची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी 2020 मध्येच प्रसिद्ध झाली आहेत.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील, की आपल्या शास्त्रात हे सारे आहेच. सुश्रुताचार्यांनी वैद्याची नखे कापलेली असावीत, वस्त्र शुभ्र असावे असे सांगितले. स्पर्श, श्वास, सहभोजन, एकच शय्या व वस्त्रे यांतून पसरणारे औपसर्गिक रोग सांगितले. व्रणितागाराला धूपन सांगितले. हा अभिमान रास्त आहे. परंतु गुग्गुळ-निंबाच्या धूपनाने शस्त्र निर्जंतुक होत नाही. त्यासाठी दाबाखालील वाफच हवी. अभिमान आणि आचरण यांत अंतर पडले, तर ग्रंथाचा आधार रुग्णाला वाचवीत नाही.

रक्तमोक्षणाचेच उदाहरण घ्यावे. जळूला वमन करवून ती पुन्हा वापरण्याचा विधी ग्रंथात आहे. त्या काळी रक्तातून पसरणाऱ्या कावीळ ब किंवा एचआयव्हीच्या विषाणूंचे ज्ञान नव्हते. शिवाय जळूच्या आतड्यातील एरोमोनास जातीच्या जंतूंमुळे व्रण दूषित होऊ शकतो, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली जळवांना वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तेथील शल्यचिकित्सक एक जळू एकाच रुग्णाला लावतात आणि नंतर ती नष्ट करतात. आपण जगाला जलौकावचारण द्यावे आणि जगाकडून हा संकेत घ्यावा. सहकार्याचा याहून सरळ अर्थ दुसरा नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शासनाच्या परिपत्रकाची वाट न पाहता आपल्या संघटनेने स्वतःची आचारसंहिता करावी. एक जळू एकाच रुग्णाला लावावी व नंतर ती पिवळ्या पिशवीत टाकावी. बस्तिनेत्र प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र असावे, अथवा धातूचे असल्यास ऑटोक्लेव्ह केलेले असावे. अभ्यंगाचे तेल रुग्णागणिक वेगळ्या वाटीत काढावे आणि उरलेले तेल मूळ भांड्यात परत घालू नये. सुई व सिरिंज दुसऱ्यांदा वापरूच नये. सुई टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकावी. औषधालयाच्या मालकांनी हँडरब सदैव उपलब्ध ठेवावे आणि शेड्यूल एच-1 मधील प्रतिजैविके चिठ्ठीवाचून देऊ नयेत. जंतूंची प्रतिकारशक्ती आपल्या गल्ल्यावरूनही वाढते.

खर्चाचा आक्षेप येईल. एका दवाखान्याला ऑटोक्लेव्हचा भार जड असेल, तर तालुका शाखेने तो सामाईक घ्यावा, हातांच्या स्वच्छतेला तर फारसा खर्चही नाही. जामनगर येथे 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेचे पारंपरिक वैद्यकाचे केंद्र उभे राहत आहे. जगाने आपल्या शास्त्राला मान द्यावा असे आपल्याला वाटते. तो मान शोधनिबंधांनी मिळेल तितकाच, डिंभ्याच्या दवाखान्यातील उकळत्या वाफेने आणि धुतलेल्या हातांनीही मिळेल. येत्या वार्षिक सभेत हा विषय ठरावाच्या रूपाने यावा, एवढीच विनंती.