पोट शिवलेला लॅपटॉप

हॉस्टेलवर लॅपटॉप वारसाहक्काने येतो. सीनियर पास आउट झाला की मशीन ज्युनिअरकडे. मग जादा रॅम टाकायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, की आणखी तीन वर्षं बघायला नको. आपलं निम्मं हार्डवेअर-ज्ञान त्या एका स्क्रू-ड्रायव्हरमधून आलंय. (लॅबमधून किती आलं, ते सरांनी कृपया विचारू नये!)

हा वारसा आता बुडणार, असं मला वाटतं. २०२० साली ॲपलने एम-१ मध्ये रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली. २०२४ मध्ये इंटेलच्या लूनार लेकनेही तेच केलं. बाकी बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. कारण खोटं नाही: अंतर कमी, म्हणून सिग्नल स्वच्छ, वेग जास्त आणि बॅटरीची बचत. पण २०२४ मध्येच मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी'साठी किमान १६ जीबी रॅम ठरवली. म्हणजे एआयमुळे मशीनची भूक वाढणार आणि पोट मात्र कारखान्यातच शिवून येणार! मग बजेटमुळे ८ जीबीवर भागवणाऱ्याने करायचं काय?

"पातळ हवाय ना, मग सोसा" हे मला पटत नाही. जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ हे मानक काढलं. त्यात तसलीच कमी वीज खाणारी रॅम स्क्रूने बसते. लेनोवोने २०२४ मध्ये थिंकपॅड पी-१ मध्ये ती दिलीसुद्धा. म्हणजे जमतं! पण आपण दुकानात रंग विचारतो, वजन विचारतो. रॅम वाढवता येते का, हे विचारतच नाही. मग कंपनी कशाला देईल?