मुलीचं काय?

नाशिकची माझी एक मैत्रीण. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, नवरा जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी आठवीत. गेल्या वर्षी फोनवर चाचरत म्हणाली, ऑफिसातल्या एका गृहस्थांबरोबर रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला जाते. गाडी मात्र दोन गल्ल्या अलीकडे लावते. कोणी ओळखीचं दिसलं की पापड मोडता मोडता हात थांबतो. गृहस्थ विधुर, त्यांनाही एक मुलगा. आणि पंचवीस वर्षं परदेशात राहून स्वतःला सुधारलेली समजणारी मी पहिलं काय बोलले? "अगं, पण मुलीचं काय?"

आपल्याच इथल्या मराठी मंडळातल्या एका विधुर मित्राचं लग्न ठरलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "बरं झालं, पोरांना आई मिळाली!"

बापाच्या लग्नाला मूल हे कारण, आईच्या लग्नाला तेच मूल अडसर. हा हिशेब जुना आहे. १८५६च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली खरी, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क जाई. शिवाय सासरच्या नातलगांना कोर्टात जाऊन तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागता येई. हा कायदा रद्द झाला १९८३ साली. घराघरांतला अजून व्हायचाय.

सुधारकांचंच बघा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे न्यायमूर्ती रानडे विधवा-पुनर्विवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३मध्ये पहिली पत्नी गेली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशीच, गोदूबाईंशी, लग्न करून आपल्या गावच्या मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. तेव्हा त्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ ११ वर्षांचा होता. म्हणजे मूल पदरी घेऊन बोहल्यावर चढले ते कर्वे. पदरी मूल असलेली बाई पुनर्विवाहाच्या त्या वादात फारशी दिसत नाही, सगळा कळवळा बालविधवांचा. अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची रीत होती, पण तोही बहुधा रात्री, गाजावाजा न करता. (माझ्या मैत्रिणीची दोन गल्ल्या अलीकडची गाडी मला तिथलीच वाटते.)

मुलांना त्रास होतच नाही, असं नाही. बाबांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं आठवीतल्या मुलीला सहज पचणार नाही. पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो, सोबत लागते. आईचा त्याग नाही. आपण इथून व्हिडिओ कॉलवर काळजी दाखवतो तेव्हा सोबत देतो का, की नुसता नकार कळवतो? नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि मैत्रिणीला येणाऱ्या पत्रिकांवर तिच्या नावामागे अजून विधवेचं 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, असतं. त्यावर मी हळहळले होते. माझा प्रश्न त्याहून वेगळा नव्हता.

तिला सगळ्यांत धाकधूक होती ती सासूबाईंची. त्या तिच्याकडेच राहतात, लेक गमावलेली बाई. शेवटी दिवाळीनंतर एकदा तिने सांगून टाकलं. त्या बराच वेळ गवार मोडत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीच्या क्लासची रिक्षा किती वाजता येते, तेवढं फ्रीजवर लिहून ठेव."