नातवाच्या खेळातले सूर

शेजारच्या खोलीत नातवाचा व्हिडिओ गेम चालू असतो आणि तीच ती धून ऐकून आजोबा त्रासतात, ही तक्रार दवाखान्यात वारंवार कानी येते. ती धून मात्र टाकाऊ समजू नये. १९८५ साली जपानी संगीतकार कोजी कोंडो यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी रचना केली, तेव्हा त्या यंत्रात ध्वनीचे मार्ग जेमतेम पाच होते. वाद्यवृंदाची चैन नव्हती. सारी मदार ठसठशीत चालीवर! ठेका समेवर येऊन पुढच्या आवर्तनात शिरावा, तशी ती धून संपता संपता पुन्हा सुरू होते. म्हणूनच ती मनात घोळत राहते. खेळातले घड्याळ १००च्या खाली उतरले की तीच धून द्रुत होते.

द्रुत लयीने नाडी व श्वास यांची गती वाढू शकते. खेळणाऱ्याला त्या घाईचा अर्थ ठाऊक असतो, त्यामुळे त्याला गंमत वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या वाट्याला नुसती घाई येते. अशा अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते, आणि मुलांच्या खेळण्याची वेळही बहुधा तीच. तेव्हा नातवाला हेडफोन द्यावा (आवाज बेताचाच ठेवून) आणि आजींसाठी त्यांच्या तरुणपणातले एखादे आवडते गाणे मंद स्वरात लावावे. सकाळचे जेवण न आठवणारे रुग्णही अशा गाण्याची पुढची ओळ अचूक म्हणतात, हे मी पाहिले आहे. मात्र चेहऱ्यावर त्रास दिसला, तर गाणे लगेच थांबवावे.