खालीं मान घालून वाजविणारे

आमच्या स्नेहसंमेलनांत गायनाच्या चढाओढीचे गुण देण्यासाठीं जो तक्ता परीक्षकांच्या हातीं येतो, त्यांत सूर, ताल व शब्दोच्चार यांच्या जोडीस 'सभाधीटपणा' असा एक रकाना असतो. त्यासाठीं १० गुण राखून ठेविलेले आहेत. गतवर्षीं हा तक्ता माझ्या हातीं होता. एका विद्यार्थ्यानें गिटारीच्या साथीवर एक भजन म्हटलें. सूर नेमका होता, पण आरंभापासून शेवटपर्यंत त्यानें श्रोत्यांकडे एकदांही पाहिलें नाहीं. त्याची दृष्टि आपल्या पायांशीं खिळलेली होती. मीं त्यास त्या रकान्यांत २ गुण दिले, आणि वर 'मान वर करावयास शीक' असा उपदेशही केला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दोन दिवसांनीं मात्र त्यानें एका इंग्रजी वाद्यवृंदाचें नांव कागदावर लिहून आणून दिलें, व 'सर, हें एकदां ऐकावें' एवढेंच सांगून तो निघून गेला.

कागदावर 'स्लोडाइव्ह' असें लिहिलें होतें, व खालीं त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचें नांव होतें, 'जस्ट फॉर अ डे'. हा वृंद इंग्लंडांतील रेडिंग या गांवचा; स्थापना १९८९ सालची. त्याचे दोन प्रमुख गायक, नील हाल्स्टेड व रेचल गॉस्वेल, हे प्राथमिक शाळेपासूनचे सोबती. आणि आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी कीं, दोघांनीं मिळून वाजविण्यास प्रारंभ केला तो रविवारच्या युवकमेळाव्यांत. म्हणजे आपल्या शब्बाथशाळेच्या कुंपणालगतच हें रोपटें उगवलें म्हणावयाचें! क्रिएशन या कंपनीनें ही ध्वनिमुद्रिका १९९१ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केली, तेव्हां दोघांचेंही वय अवघें वीस वर्षांचें होतें. तींत ९ रचना आहेत. येथें एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती विद्यार्थ्यांस सांगणें धोक्याचें आहे. गाणीं तयार आहेत असें हाल्स्टेडनें कंपनीच्या चालकास पटवून दिलें होतें. वस्तुतः तीं तयार नव्हतीं, व मुद्रणगृहांत बसून घाईघाईनें रचावीं लागलीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्यांनीं यांत आपलें समर्थन शोधूं नये. त्या घाईच्या खुणा राहिल्या आहेतच. कांहीं चाली एकमेकींत इतक्या मिसळतात कीं, एक कोठें संपली व दुसरी कोठें लागली हें कळत नाहीं.

पहिल्या दिवशीं मला तें सर्व नुसतें धुकें वाटलें. तीन गिटारी एकदम वाजतात. तारेच्या कंपनांचें चुंबकाच्या योगानें विद्युल्लहरींत रूपांतर होतें, व ती लहर वादकाच्या पायांशीं ठेविलेल्या लहान लहान पेट्यांतून जाते. एक पेटी तोच स्वर ठरावीक अंतरानें पुन्हां पुन्हां उमटविते. दुसरी दगडी मंदिरांतल्यासारखा घुमारा देते. तिसरी लहरींचीं टोकें छाटून नवे उपस्वर उत्पन्न करिते. त्यामुळें तार छेडल्याचा आघात फारसा जाणवत नाहीं, नाद तेवढा पसरत राहतो. तंबोऱ्याच्या जवारीकडे ज्यांनीं कान दिला आहे त्यांस हें अगदींच परकें वाटूं नये. आपल्याकडे तंबोरा गवयाच्या मागें बसतो. येथें तंबोराच पुढें येऊन बसला आहे आणि गवई त्याच्या मागें उभा आहे. 'कॅच द ब्रीझ' ही रचना तिसऱ्यांदा ऐकतांना हें माझ्या ध्यानांत आलें.

आतां त्या खालच्या मानेविषयीं. या पेट्या पायानें दाबावयाच्या असतात, म्हणून वादक खालीं पाहतो. विलायती पत्रांनीं हें हेरून अशा संगीतास 'शूगेझ', म्हणजे बुटांकडे टक लावणारें, असें कुचेष्टेचें नांव दिलें, व तेंच रूढ झालें. त्या कुचेष्टेंत मीही सामील झालों होतों. आमच्या वऱ्हाडांत पेरणीच्या वेळीं तिफणीमागें सरतें धरून जी बाई चालते ती कोठें पाहते? बी तासांत पडतें कीं नाहीं, याकडे. आमच्या मंदिरांत पायपेटी वाजविणारे गृहस्थ मंडळीकडे पाठ करून बसतात. त्यांचे गुण कोणी कापीत नाहीं. लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांतील जकातदाराची मानही खालींच होती, आणि परूशी मात्र भरपूर सभाधीट होता. हा उतारा मीं वर्गांत कितीदां शिकविला असेल!

१९९० सालीं या मुलांची पहिली छोटी मुद्रिका निघाली तेव्हां साप्ताहिकांनीं तिला डोक्यावर घेतलें होतें. वर्ष पुरें होण्यापूर्वींच तीं कंटाळलीं. 'जस्ट फॉर अ डे' इंग्लंडच्या विक्रीच्या यादींत ३२ व्या क्रमांकापर्यंत चढली. पण त्याच महिन्यांत अमेरिकेंतील निर्वाणा या वृंदाची 'नेव्हरमाइंड' निघाली, आणि सर्वांचे कान तिकडे वळले. १९९३ ची 'सुव्लाकी', जी माझ्या मतें पहिलीहून पुष्कळच सरस आहे, तिचीही टर उडविली गेली. १९९५ सालीं तिसरी निघाल्यावर कंपनीनें त्यांस सोडलें व वृंद मोडला. मध्यें एकोणीस वर्षें गेलीं. २०१४ सालीं तींच पांच माणसें पुन्हां एकत्र आलीं, व २०२३ ची त्यांची मुद्रिका इंग्लंडच्या यादींत ६ व्या क्रमांकावर पोंचली. पहिली कृति सदोष आहे हें टीकाकारांचें म्हणणें खोटें नव्हतें. मींही वर तेंच म्हटलें आहे. परंतु विशींतल्या मुलांचें पहिलें काम हेंच त्यांचें कायमचें माप, असें ठरविण्याची घाई त्यांनीं केली, आणि ती घाई त्या मुलांच्या घाईहून अधिक वाईट होती.

एक आक्षेप मी स्वतःच घेतों. आम्ही मिशनच्या शाळेंत वाढलेलीं माणसें. गीताचा शब्द स्पष्ट ऐकूं आला पाहिजे हा संस्कार आमच्या हाडींमांसीं खिळलेला. रे. नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भजनांस मराठी वळण दिलें, त्यामुळेंच त्यांचे शब्द खेड्यापाड्यांतील मंडळींच्या तोंडीं बसले. या ध्वनिमुद्रिकेंतील निम्मे शब्द कळत नाहींत, आणि 'एरिक्स साँग' या रचनेंत तर ते मुळींच नाहींत. उपासनेंत हें संगीत मी चालूं देणार नाहीं. पण मुलगा आपल्या खोलींत बसून जें ऐकतो तें सर्वच उपासनेच्या कसोटीस लावावें काय? लोणारच्या कांठावर सायंकाळीं उभें राहिलें असतां मनांत जें येतें त्यासही शब्द नसतात. पालकहो, 'हा काय गोंगाट' म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वीं एक रचना मुलाच्या शेजारीं बसून शेवटपर्यंत ऐका. नच आवडली तर तसें त्यास सांगा. न ऐकतां दिलेला निकाल मुलें मानीत नाहींत, व त्यांत त्यांची चूक नाहीं.

त्या दिवशीं तुझ्या पायांशीं अशी पेटी होती काय, असें मीं त्या मुलास मागाहून विचारलें. होती, चुलत्याकडून उसनी आणलेली. पुढें ठेविलेल्या फुलांच्या कुंड्यांमुळें ती परीक्षकांच्या टेबलावरून दिसत नव्हती.

यंदाच्या संमेलन-समितीपुढें मीं एक सूचना ठेविली आहे. वक्तृत्वाच्या तक्त्यांत 'सभाधीटपणा' खुशाल राहो. गायनाच्या तक्त्यांतून तो काढावा, व ते १० गुण सुराकडे द्यावे.