आच पुरेशी लागली का?



यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "पुण्याला माझ्या भावाच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघालीय, अडीच सेंटिमीटरची. डॉक्टर म्हणतात, सुई घालून जाळू. ऑपरेशनच्या पलीकडे गेलं म्हणून नुसती समजूत काढताहेत का रे?"

माझं रोजचं काम हेच. म्हणून या वेळचं सदर काकूंसाठी.

नाही काकू. सिरॉसिसने थकलेल्या यकृताला कापाकापी अनेकदा झेपत नाही. पण 3 सेंटिमीटरपर्यंतची गाठ जाळतात ती समूळ घालवण्यासाठीच. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई गाठीत न्यायची आणि उष्णता द्यायची. 60 अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ तत्क्षणी मरतात.

अडचण असते कडेला. चुलीला एका अंगाने वारा लागला की भाकरीची ती कड कच्ची राहते. तसंच गाठीशेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीतलं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. रेडिओफ्रिक्वेन्सीत आच फार वाढवली, तर सुईभोवतीचा भाग करपतो आणि त्यातून वीज पुढे नीट जात नाही. मायक्रोवेव्हला हा अडसर कमी. ती लवकर आणि जास्त तापवते.

तरी नुसती आच वाढवून भागत नाही, ती पोचली का हे मोजावं लागतं. गाठीभोवती चहूबाजूंनी किमान 5 मिलिमीटर कड जळायला हवी. म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत निदान साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा भाग. पूर्वी आम्ही आधीचा आणि नंतरचा सीटी शेजारी ठेवून नजरेने अंदाज घ्यायचो. आता संगणक दोन्ही एकमेकांवर बसवून दाखवतो. कुठे कच्चं राहिलं असेल, तर रुग्ण टेबलावर असतानाच पुन्हा सुई घालता येते.

तेव्हा भावाला एवढंच विचारायला सांगा: "डॉक्टर, कड किती जळाली हे मोजून बघाल ना?" आणि नंतरच्या तपासण्या चुकवू नका, सिरॉसिसच्या यकृतात नवी गाठ येऊ शकते.

बाकी मंडळींनो, घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्या. आमची सुई कितीही सुधारली, तरी गाठ लहान असतानाच सापडायला हवी. दिवाळीला घरी फोन कराल, तेव्हा फराळाबरोबर याचीही चौकशी करा.

शुभ दीपावली!