लाल पट्टी नेमकं काय सांगते?

गेले काही वीकेंड मी एका छोट्या, हौशी प्रोग्रामिंग भाषेसाठी युनिट टेस्टिंगचं फ्रेमवर्क लिहितोय. सरावाला प्रोग्राम घेतला तो आपल्या नाशिकला शोभेल असा: कांद्याच्या लिलावाची पावती छापणारा. परवा त्याची एक टेस्ट फेल झाली आणि स्क्रीनवर हे उमटलं:

हवे होते: शेतकऱ्याचे
मिळाले: शेतकर्‍याचे

बघा बरं काही फरक दिसतोय का! मला अर्धा तास दिसला नाही. आणि शिव्या द्यायलाही कोणी नाही, फ्रेमवर्क माझंच.

भानगड आपल्या अर्ध्या 'र'ची. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकतर ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे जोडणारा शून्य रुंदीचा कॅरेक्टर. पहिल्या शब्दात १० कोड पॉइंट, दुसऱ्यात ११. जुन्या मराठी ब्लॉगांवर दुसरं रूप ढिगाने सापडेल. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही इथे कामाला येत नाही. ते र आणि नुक्ता एकत्र करून ऱ देतं, पण झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला हात लावत नाही.

मित्र म्हणाला, "तुलना करताना अदृश्य कॅरेक्टर गाळून टाक ना." तसं केलं की दर्‍या चा दर्या होतो. डोंगरातल्या दर्‍यांचा थेट समुद्र! आचार्‍यांना दिलेला शिधा आचार्यांच्या नावावर जातो, आणि टेस्ट मात्र हिरवीगार. म्हणून माझं मत असं की तुलना कडकच असावी, सैल सोडायची ती जीभ. फेल झाल्यावर फ्रेमवर्कने भरभरून बोलावं.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट लिहायला घेतलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून आपण उचललं काय, तर हिरवी-लाल पट्टी आणि असर्टइक्वल्स. (त्यात आधी अपेक्षित की आधी मिळालेलं, हे मी अजून उलटंच लिहितो. असो.) पायटेस्टची गंमत मला जास्त आवडते. तिथे साधं असर्ट लिहायचं. पायटेस्ट ते वाक्य आतून बदलून घेतं आणि फेल झालं की प्रत्येक भागाची किंमत दाखवतं. म्हणजे नवीन शब्द पाठ न करता उत्तर मिळतं. भाषा स्वतःची असेल तर ही सोय कंपायलरमध्येच घालता येते, मग ती आयती संधी का सोडायची?

मी रविवारी एवढंच केलं: दोन स्ट्रिंग जुळल्या नाहीत की जिथे त्या फुटतात तिथले कोड पॉइंट छापायचे. आता 'यू+०९३१' आणि 'यू+०९३०' समोरासमोर दिसतात आणि अर्ध्या तासाचं काम एका नजरेत होतं. एक गोष्ट राहिलीय. 'किती' आणि 'कोती' यांची तुलना केली की फरक दाखवणारा कंस क आणि वेलांटीच्या मधोमध पडतो, आणि ती बिचारी वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. फरक कोड पॉइंटने शोधायचा, पण दाखवताना अख्खं अक्षर दाखवायचं, असं करावं लागेल. पुढच्या शनिवारी बघतो.